बास जरा कमी करा, भाऊ

२ मार्च, रविवार

आजपासून रोज लिहायचं. संकल्प.

तबल्यावर पुस्तकं आहेत, पेटीवर आहेत. बास गिटारवर मराठीत कोणी ओळ लिहीत नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा बासवाल्याचा फक्त खांदा येतो. म्हणून माझा अनुभव टिपून ठेवायचा. पुढे क्लास काढला तर उपयोगी पडेल. क्लास नक्की काढायचा.

पहिला सल्ला: जादा केबल आणि नऊ व्होल्टची बॅटरी कायम जवळ ठेवा. बॅटरी नेमकी नवरा-नवरी स्टेजवर चढताना जाते.

दिवसा मिरकरवाड्याला बर्फाच्या फॅक्टरीत कॉम्प्रेसर सांभाळतो. ते पोटासाठी. खरा मी ‘नीलरंग’मध्ये. सुहास कीबोर्डवर, ग्रुप त्याचाच. संदेश ड्रमवर, बासवर मी, दत्ताराम, आणि गायला आमची सानवी. एफवायला आहे. सूर चांगला. माझ्यावर गेलीय.

५ मार्च

घरात हल्ली सगळे पुटपुटतात. बायको आम्रपाली, पूर्वी खणखणीत बोलायची. आज तीनदा विचारलं तेव्हा कळलं की मीठ संपलंय. घसा बसला असणार. हळद घालून दूध करून दिलं. माझ्याकडे बघत राहिली, मग प्यायली. बायकांना काळजी घेतलेली समजतच नाही.

१० मार्च

काल संध्याकाळी लांज्याला हळदीचा कार्यक्रम. माझा बास उत्तम. छातीत धडधडत होतं.

मुलीचे काका स्टेजजवळ आले. हात खालीवर करत होते. मला वाटलं नाचतायत. सुहासने नंतर सांगितलं, ते म्हणत होते, “बास जरा कमी करा, भाऊ, आत म्हातारं माणूस निजलंय.” सुहासचंही तेच म्हणणं. मध्यंतरात त्याने माझ्या अँप्लिफायरचं, म्हणजे अँपचं, आवाजाचं बटण खाली केलं. मी परत वर केलं.

हे कीबोर्डवाल्यांचं नेहमीचं असतं. डाव्या हाताने आपणच बास वाजवू असं त्यांना वाटतं.

संदेश कानात बोळे घालून वाजवतो. डॉक्टरने सांगितलंय म्हणे. मी पोट धरून हसलो. ज्याला स्वतःचा ड्रम सोसत नाही त्याने चिपळ्या घ्याव्यात.

सल्ला: बास कानाने ऐकायचा नसतो, अंगाने ऐकायचा असतो. अँपला पोटरी टेकवून उभे राहा. मी हल्ली तसाच राहतो. मजा येते.

१३ मार्च

फॅक्टरीत बर्फाची लादी घसरत आली ती माझ्या टाचेवर. टाच काळीनिळी. धोंडू म्हणतो मागून बोंबलत होता. “आयकू येत नाय काय ओ तुमाला? मरशाल एक दिवस!”

कॉम्प्रेसर चालू असताना बोंबलून काय उपयोग? समोर येऊन सांगावं. एवढी वर्षं त्या मशीनशेजारी काढली, कानाला काही झालं नाही. कान तयार झालेत माझे.

लंगडत घरी. बास उभ्यानेच वाजवायचा असतो. बसून वाजवणार नाही.

२१ मार्च

प्रॅक्टिस. संदेश आता प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला माझ्याकडे बघून मान हलवतो. मी त्या मानेवर उचलतो. शेवटी आदर मिळतोच. वाट बघावी लागते.

सल्ला: ड्रमरच्या पायाकडे लक्ष ठेवा. त्याचा किक आणि तुमचा ठोका एकत्र पडला पाहिजे. मी तर हल्ली फक्त पायाकडेच बघतो.

२९ मार्च

आम्रपाली बुद्धविहारात मीटिंगला गेली होती. डाळ माझ्याकडे. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, म्हणाली. एकही झाली नाही. डाळीचा कोळसा, कुकर काळा. शिट्टी नवीन आणली. तीपण वाजत नाही. हल्ली मालच तसा येतो.

आम्रपाली म्हणाली, “अहो, कानाच्या डॉक्टरकडे जाऊया.” हे बरं ऐकू आलं. म्हणजे बघा.

जाणार नाही. बासवाल्याने कान दाखवायला जायचं म्हणजे सुताराने लाकूड म्हणजे काय ते विचारायला जायचं.

६ एप्रिल

मोठी बातमी. चौदा एप्रिलचा कार्यक्रम आम्रपालीच्या माहेरी, लांज्याच्या अलीकडे. गावच्या मुंबई मंडळाचा स्वतःचा भीमगीतांचा ग्रुप आहे, त्यांना नवी गायिका हवी आहे. ते सानवीला ऐकायला येणार. पहिलं गाणं तिचं. सुरुवातीच्या ओळी ती एकटी म्हणणार, मग आम्ही उचलायचं.

पोरीला झोप नाही. पाणी भरतानासुद्धा गुणगुणते. म्हणजे ओठ हलत असतात.

मी सांगितलं, घाबरू नको, मागे बाप आहे.

संकल्प: चौदापर्यंत रोज दोन तास हात फिरवायचा.

१३ एप्रिल

हात फिरवायला वेळ झाला नाही. टाच दुखते. शिवाय अनुभव असला की प्रॅक्टिसची गरज कमी होते.

सानवीचा घसा धरलाय. आम्रपाली आणि ती सारखं काहीतरी बोलत होत्या. गरम पाणी दिलं. तारा बदलल्या. नव्या तारांना कार्यक्रमाआधी ताण द्यावा, नाहीतर स्टेजवर उतरतात. हा सल्ला लाखमोलाचा.

१५ एप्रिल, सकाळ

लिहावंसं वाटत नाही, पण संकल्प आहे.

मांडव भरलेला. वंदना झाली. आम्ही चढलो. सुहास सगळ्यांना काहीतरी म्हणाला. संदेशने मान हलवली, सानवीने हलवली, मीपण हलवली.

सानवीने एकटीने सुरुवात केली. शांतता. बायका पदर सावरून पुढे सरकल्या. मग संदेशची मान, आणि मी उचललं. दणक्यात.

सानवीने मागे वळून बघितलं. सुहासने बघितलं. मला वाटलं आज काहीतरी जमून आलंय. मी हसलो. ती परत वळली, काहीतरी म्हणाली. मांडवातल्या गोंगाटात शब्द ऐकू आला नाही, पण ओठांवरून स्पष्ट कळलं. “पप्पा, बास!”

मी वाढवला. पूर्ण.

ती थांबली. ओळीच्या मध्येच. माइक हातात, तोंड उघडं. पुढच्या पोरांत कोणीतरी हसलं, मग सगळीच पोरं हसली. ती खाली उतरून मांडवामागे गेली.

अशा वेळी अनुभवी माणसाने सांभाळून घ्यायचं असतं. मी माइक घेतला. म्हटलं, “पोर घाबरली. रियाज कमी पडतो. तिच्या वतीने मी माफी मागतो.” आम्रपाली पुढच्या रांगेत होती. उठून निघून गेली.

पुढची गाणी सुहासने म्हटली. टेंपोतून परत येताना कोणी बोललं नाही. किंवा बोलले असतील. टेंपोचा आवाज फार.

सल्ला: गायक कितीही चुकला तरी बासवाल्याने थांबायचं नाही. मी थांबलो नाही.

१८ एप्रिल

सानवी बोलत नाही. नेहमीसारखं पुटपुटतसुद्धा नाही. ताट घेऊन आत जाते. रागावण्याचं कारण समजत नाही. मी फक्त खरं बोललो. सूर गेला की गेला.

१९ एप्रिल, शनिवार

सुहास घरी आला. खुर्ची माझ्यासमोर ओढून बसला.

म्हणाला, “भाऊ, तिचा घसा बसला होता म्हणून गाणं एक सूर खाली घेतलं. काळी पाचचं काळी चार. स्टेजवर सगळ्यांना सांगितलं. तुम्ही मान हलवलीत.”

मी म्हटलं, सांगितलंच नाहीस.

“तुम्ही सगळं गाणं काळी पाचमध्येच वाजवलंत. तेपण फुल आवाजात. ती बिचारी गाणार कुठे?”

मी म्हटलं, पुरावा दाखव. त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला आणि चहा न पिता गेला. गर्व.

आता मीच सिद्ध करतो.

त्याच दिवशी, दुपार

व्हिडिओ लावला आणि शेजारी ट्यूनरचं अ‍ॅप ठेवलं. आपण तारा जुळवतो तेच. कोणता सूर लागला ते काटा दाखवतो. काटा खोटं बोलत नाही.

सानवी एकटी गाते तिथे काटा काळी चारवर. हलत नाही. एवढ्या घसादुखीतसुद्धा हलत नाही.

मग बास येतो. काटा काळी पाच.

अ‍ॅप फुकटचं आहे. फुकटच्या वस्तूवर विसंबू नये. गिटार घेऊन तपासलं. बरोबर दाखवतं. परत व्हिडिओ लावला. पोरगी काळी चार. अ‍ॅप बरोबर, पोरगी बरोबर, म्हणजे

लाइट गेली. पुढे लिहिता येत नाही.

२० एप्रिल

आम्रपालीला विचारलं, मग तिने बास वाढवायला का सांगितलं? ओठ मी स्वतः बघितले.

आम्रपाली माझ्यासमोर आली, दोन्ही खांदे धरले आणि मोठ्याने म्हणाली, “ती ‘बास’ म्हणाली. बास करा म्हणाली. थांबा म्हणाली!”

यात माझी चूक काय? वाद्याचं नाव बास आणि पुरे म्हणायलाही बास. हा भाषेचा दोष आहे. सगळ्या मराठी बासवाल्यांना धोका आहे यात.

जेवलो नाही. भूक नव्हती.

२४ एप्रिल

मुंबईच्या मंडळाने चिपळूणकडची दुसरी मुलगी घेतली. आम्रपालीच्या भावाचा निरोप.

सानवीने पेटी कपाटावर टाकली, वर चादर. मी म्हटलं, संधी परत येते, रियाज सोडायचा नाही. बहुतेक ओरडून म्हटलं. तिने आतल्या खोलीचं दार आपटलं. लादीतून पायाला कळलं.

२७ एप्रिल

निर्णय घेतला. कानाच्या डॉक्टरकडे जाणार. ऐकू येत नाही म्हणून नाही, तर येतं असा कागद आणण्यासाठी. तो सुहासच्या कीबोर्डवर ठेवायचा आणि एक शब्द न बोलता निघून यायचं. आणि सानवीला दाखवायचा. ती चुकली असं नाही म्हणायचं मला. मंडपात आवाज फार होता, एवढंच.

आम्रपालीची फॅक्टरीजवळच्या अंगणवाडीत ड्युटी. सानवी बरोबर येते म्हणाली. म्हणजे आम्रपालीने तसं सांगितलं.

३० एप्रिल

जाऊन आलो.

काचेची छोटी खोली. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सोपं. बाहेर मशीनवर एक मॅडम, त्यांच्या बाजूला सानवी.

आधी जाड आवाज आले. बासच्या खालच्या तारेसारखे. पटापट दाबलं. मॅडमकडे बघून हसलो. मग आवाज थांबले. मशीन बदलत असतील म्हणून बसून राहिलो. मॅडम बटणं फिरवत होत्या, मान खाली घालून लिहीत होत्या. मी अंगठा तयार ठेवला होता. घाम आला, पुसला नाही. नेमका तेव्हाच आवाज यायचा.

सानवी काचेतून माझ्या अंगठ्याकडे बघत होती. तिला मशीनचे आवाज बाहेर ऐकू येत असावेत. तिचे डोळे भरलेले दिसले. मी तिला खुणेने विचारलं, कधी सुरू करतायत?

तिने तोंडावर हात धरला.

मॅडमनी दार उघडलं. मी म्हटलं, मी रेडी आहे. त्या माझ्यासमोर येऊन सावकाश म्हणाल्या, “काका, झाली टेस्ट.”

डॉक्टरांनी कागदावर एक रेघ दाखवली. सुरुवातीला बरी, पुढे कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काढली की असं होतं म्हणाले. गेलेलं परत येत नाही. मशीन लावावं लागेल दोन्ही कानांना. लाउड म्युझिक बंद. मी विचारलं, बास चालेल ना? त्यांनी सानवीकडे बघितलं.

रिक्षात सानवी कितीतरी दिवसांनी माझ्याशेजारी टेकून बसली. माझ्याकडे तोंड करून काहीतरी विचारलं. रिक्षा धडधडत होती, समोरून उन्हाची तिरीप, ओठ दिसले नाहीत. एवढ्या दिवसांनी बोललेली पोर, तिला परत “काय?” असं कसं विचारायचं?

मी “हो” म्हटलं.

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. घर येईपर्यंत सोडला नाही.

१ मे

फॅक्टरीला सुट्टी. सकाळी अँप पुसला. बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम जवळ आलाय. आवाज निम्म्यावर ठेवायचा, कापसाचे बोळे घालायचे, सुहासने सूर बदलला तर लिहून मागायचा. तसं सगळं जमण्यासारखं आहे. क्लासचा विचारही सोडलेला नाही.

अकराच्या सुमारास सुहास आला. संदेशही होता. सुहास माझ्यासमोर उभा राहिला, हळूहळू, तोंड मोठं करून बोलला. हल्ली सगळे असेच बोलतात.

“भाऊ, सानवीने कपाटावरची पेटी काढली. पौर्णिमेला गातेय.”

मी म्हटलं, उत्तम. माझी तयारी आहे.

सुहासने संदेशकडे बघितलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. “भाऊ, तिने काल रिक्षात तुम्हाला विचारलं ना? पप्पा, तुम्ही वाजवायचं थांबवलंत तर मी परत गाईन, थांबाल का? आणि तुम्ही लगेच हो म्हणालात. रात्री फोन करून सांगत होती. रडत होती पोर. म्हणाली, पप्पांनी एका शब्दात ऐकलं माझं.”

सानवी दारात उभी होती. हसत होती. मार्च महिन्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

ऐकू आलं नव्हतं असं सांगायला मी तोंड उघडलं.

मग म्हटलं, “हो. म्हटलं होतं.”

संदेश अँप घेऊन गेला. नवा बासवाला शिरगावचा आहे. चांगला आहे म्हणतात.

कोणी विचारलंच तर सांगायचं, दत्तारामने स्वतःहून सोडलं. विचार करून.