पंधरा दिवसांची शास्त्रीय विश्रांती

उमरठ, पोलादपूरमार्गे
६ एप्रिल १९६१

राजमान्य राजेश्री हैबतराव, मुक्काम मुंबई, यांस महिपतीमामाचा वाकून नमस्कार. (एरवी मी तुला चिरंजीव लिहून आशीर्वाद देतो. पण व्यायामशिक्षकाचा कोर्स करणाऱ्या विद्वान भाच्याला आशीर्वाद देण्याइतका दम आता माझ्यात उरलेला नाही. का, ते पुढे येईलच.) तुझी प्रकृती ठणठणीत असेल, खाणावळीत दोन्ही वेळा साधा वरणभात मिळत असेल आणि कुणी तुला शास्त्रीय आहार देत नसेल, अशी आशा करतो. इकडे तुझी राहीमामी खुशाल आहे. आमच्या हुतूतूच्या संघाचं विचारू नकोस.

खेळाडूंच्या आहाराचं आणि विश्रांतीचं जे पुस्तक तू धाडलंस, ते शिमगा उरकल्यावर पोचलं. महाडच्या सामन्याला तेव्हा पंधराच दिवस होते. गेली तीन वर्षं त्या सामन्याची ढाल आपल्या वाडीच्या देवळात टांगलेली होती आणि अकरा वर्षं मी कप्तान आहे. यंदा ढाल गेली तर कप्तानी मुरारीकडे, असं देवळात सर्वांसमक्ष ठरलं होतं. (मुरारीचं वय चोवीस. माझं तुला ठाऊक आहे, टपालात लिहायचं कारण नाही.) तेव्हा संघातला एकुलता एक सातवी पास गडी म्हणून मी ते पुस्तक सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

रोज सकाळी मूठभर मोड आलेले हरभरे आणि दुधात कच्चं अंडं. मूठ कुणाची, हे तुझ्या शास्त्रज्ञांनी लिहिलेलं नव्हतं. आपल्या संघातल्या चांगूची मूठ तू पाहिली आहेस. शिवाय एका मुठीने जर एवढी ताकद येते तर चार मुठींनी किती येईल, हा हिशेब करायला मुंबईला जावं लागत नाही. वाडीतल्या कोंबड्या आम्हाला पाहून लपायला लागल्या. नाचणीची भाकरी आणि सुकट आम्ही अडाणी अन्न म्हणून बंद केलं.

त्यापुढे विश्रांतीचं प्रकरण. हे दिवस राबाचे, हे तू विसरला नसशील. फांद्या तोडायच्या, भारे डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा, खाचरात पसरून जाळायचे, तेव्हा कुठे पावसात तिथे भाताचं रोप धरतं. आणि नेमकं अशा वेळी पुस्तक म्हणत होतं की शरीराला पुरेशी विश्रांती द्यावी. इतकं थोर वाक्य आपल्या वाडीत आजवर कुणी वाचलं नव्हतं. आम्ही सातही जण आंब्याखाली घोंगड्या टाकून पंधरा दिवस ताकद साठवत पडलो आणि भारे बायकांनी वाहिले. तुझी मामी एकदा भारा टाकून माझ्यापुढे उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "त्या पुस्तकात आमचं नाव नाय का कुठं?" मी तिला समजावलं की शास्त्र सगळ्यांना कळत नाही.

रविवारी आम्ही महाडला एस.टी.ने गेलो, पाय शिणू नयेत म्हणून. पलीकडच्या वाडीचा कोंडाजी त्याच्या गड्यांना घेऊन चालत आला. येताना त्यांनी डोक्यावर लाकडाच्या मोळ्या आणल्या, बाजारात विकल्या, झाडाखाली बसून भाकरी आणि भाजलेली सुकट खाल्ली, आणि हात धुऊन मैदानात उतरले. मला त्यांची कीव आली, हे मान्य करतो.

पहिली चढाई कप्तानाची. मी हुतूतू घुमवत गेलो, कोंडाजीला हात लावणार, इतक्यात पंधरा दिवसांचे हरभरे एकदम वर आले आणि ढेकर निघाला. दम तुटला, मी बाद. (ढेकराला सूट आहे का, असं मी पंचांना विचारलं. नाही.) चांगूला तिघांनी पोटाला धरून पकडलं. सुटल्यावर तो मधल्या रेषेकडे न येता थेट झुडपांकडे धावला आणि सामना संपेपर्यंत परतलाच नाही. मुरारीची दोन चढायांत छाती भरून आली. एकतीस विरुद्ध नऊ. कोंडाजीने ढाल उचलली तेव्हा मला रडू आलं, हैबती. यात थट्टा नाही.

देवळात मी सर्वांसमोर सांगितलं की दोष कप्तानाचा नसून पुस्तकाचा आणि ते धाडणाऱ्याचा आहे. लोकांना पटलं. कप्तानीचा निकाल आता अक्षय्यतृतीयेला लागेल. तुझ्या विद्येचा एवढा उपयोग मात्र झाला.

तुझा, अजून तरी कप्तान,
महिपतीमामा

ता. क. – पुस्तक तुला परत धाडावं म्हणून उचललं, तर विश्रांतीच्या प्रकरणामागे आणखी एक पान निघालं. (ते प्रकरण मला इतकं पटलं होतं की पुढे वाचायची गरज भासली नव्हती.) त्यात छापलंय की सामन्याच्या तोंडावर नवं अन्न सुरू करू नये, रोजची मेहनत एकदम सोडू नये, आणि नाचणी व सुकी मासळी खेळाडूला उत्तम. समासात तुझ्या अक्षरात लिहिलंय, "मामा, हे पान आधी वाचा."

दुसरी ता. क. – अक्षय्यतृतीयेला तू येशीलच. पुस्तकाचा विषय निघाला तर मान खाली घालून बसावंस, एवढी मामाची विनंती. आणि पुढच्या शिमग्यानंतर याच पुस्तकाची एक प्रत कोंडाजीला रजिस्टर टपालाने धाड. माझ्या प्रतीतलं शेवटचं पान मी चुलीत घातलं आहे. त्याच्या प्रतीतलं तू घाल.