डेलना सांगितलंय

७ जानेवारी, शनिवार

पाच तास! पाच तास मेन स्ट्रीटवर पाणी वाहत होतं आणि सगळं गाव खिडकीतून बघत उभं होतं.

सकाळी पाव आणायला निघाले. बँकेसमोर रस्ता फुगलेला, फटीतून पाण्याची धार, आणि थंडी अशी की ते पाणी वाहता वाहता गोठत होतं. औषधाच्या दुकानातल्या बाईंना विचारलं, कुणाला कळवलं का? हो, डेलना सांगितलंय. न्हाव्याला विचारलं. डेलना सांगितलंय. बँकेच्या पायऱ्यांवर मीठ टाकणारा माणूस – त्यानेही डेलना सांगितलेलं. जो तो आपलं काम झालं म्हणून निवांत.

डेल थोर्सगार्ड म्हणजे आमचे नगराध्यक्ष. दिवसभर टायरचं दुकान चालवतात आणि उरल्या वेळात साडेपाच हजार वस्तीचं लार्च लेक. बावीस वर्षं झाली. त्यांच्या घरच्या फोनचा नंबर इथल्या प्रत्येक फ्रिजवर चिकटवलेला असतो. मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी मार्गीकाकूंनी दार उघडलं, हात पिठाचे. ते पहाटेच तळ्यावर गेलेत म्हणाल्या. फोन नेत नाहीत, मासे बुजतात म्हणे. फोनशेजारच्या वहीत काकूंनी नावं लिहून ठेवली होती. तेवीस! तेवीस माणसांनी सांगितलं, आणि ज्याला सांगितलं तो गृहस्थ गोठलेल्या तळ्यावरच्या झोपडीत, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेला.

नगर कार्यालयात मी सहायक कारकून. नियम मला पाठ आहेत. नगराध्यक्षांच्या परवानगीशिवाय ठेकेदाराला बोलावता येत नाही. आणि पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह नेमका कुठे गाडलाय ते ठाऊक असलेला एकच माणूस म्हणजे गावाचे नळ सांभाळणारे माझे बाबा. ते त्याच झोपडीत!

गाडी सरळ बर्फावर घातली. झोपडीचं दार उघडलं तर दोघे पत्ते खेळत बसलेले. बाबा म्हणाले, "दार लाव, ऊब जाते."

नंतर बाबांनी सात मिनिटांत पाणी बंद केलं. नकाशा नाही, कागद नाही. बर्फात पावलं मोजली, पहार मारली, झाकण सापडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि रडावंसंही वाटलं.

८ जानेवारी, रविवार

जेवताना बाबा म्हणाले, सात मिनिटांत बंद केलं. मी म्हटलं, पाच तास सात मिनिटांत. आई हसली. बाबा हसले नाहीत.

१७ जानेवारी, मंगळवार

झालं! नगरसभेने माझा प्रस्ताव घेतला. ४ एप्रिलच्या मतपत्रिकेवर प्रश्न येणार – लार्च लेकने पूर्ण वेळ, शिकलेला, पगारी नगर प्रशासक नेमावा का?

सहा नगरसेवकांपैकी चौघांनी हो म्हटलं. प्रशासक हवा म्हणून नाही, लोकांना विचारायला काय जातंय म्हणून. असू दे. डेलकाकांनीही विरोध केला नाही. म्हणाले, विचारा की, मलाही कळू दे. ते हे इतक्या सरळपणे म्हणाले की मलाच कसंतरी झालं. लहानपणी माझ्या सायकलीच्या चाकात त्यांनीच हवा भरून दिलीय, किती वेळा.

बाबांना मात्र राग आला. घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि ते अभिमानाने चारचौघांत सांगायचे. आज सांगितलं ते वेगळं. "तुला शिकवलं ते गावाला अडाणी ठरवायला नाही." मी म्हटलं, बाबा, गाव अडाणी नाही. गावाचं काम कुणाचंच काम नाही, एवढंच म्हणतेय. ते गॅरेजमध्ये निघून गेले.

१९ जानेवारी

लोरेन बुकहोल्ट – मुख्य कारकून, माझ्या वरची, एकतीस वर्षं त्याच खुर्चीत – हिने मला बोलावून बजावलं. कार्यालयाच्या वेळात या विषयावर एक शब्द नाही. कार्यालयाचा एक कागदही वापरायचा नाही. घरी जाऊन हवं ते कर. तिचं बरोबर आहे. पत्रकं वाचनालयात छापून घेतली.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

चर्चच्या तळघरात तळलेल्या माशाचं जेवण. अख्खं गाव तिथे. मी टेबलामागून टेबल फिरले. कोशिंबिरीच्या वाडग्यांमधून पत्रकं सरकवत! कसली कसली उत्तरं मिळाली!

एक आजोबा म्हणाले, आम्हाला अजून एक साहेब कशाला? मी म्हटलं, एक तरी हवा ना. ते म्हणाले, तुझ्या आजोबांसारखी बोलतेस, आणि अर्धा मासा माझ्या ताटात टाकला. दुसऱ्या टेबलावर एकाने विचारलं, प्रशासक आला की बर्फ कमी पडेल का? सगळे हसले. मीही हसले. पण त्याच्या बायकोने पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं, ते मी पाहिलं.

बाबा पलीकडच्या टेबलावर डेलकाकांशेजारी बसले होते. माझं पत्रक त्यांनी घेतलं आणि ताटातल्या लिंबाच्या फोडीखाली ठेवलं.

११ फेब्रुवारी

एकशे चाळीस घरं झाली. दोन कुत्री अंगावर आली. मनगट मुरगळलं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

आज जाहीर सुनावणी होती. भरभर लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सभागृह भरलेलं, माणसं जिन्यापर्यंत. ज्याला बोलायचंय त्याने पुढे यायचं, नाव आणि पत्ता सांगायचा, तीन मिनिटं बोलायचं. आधी डेलकाका बोलले, खुर्चीतून नव्हे, खाली उतरून, रांगेत उभे राहून. ते म्हणाले, बाहेरून आणलेला माणूस बॅग घेऊन येतो आणि बॅग घेऊन जातो. "मी कुठे जाणार? दुकानात या, शिव्या द्या, टायर बदलून घेऊन जा." टाळ्या! मलाही वाटलं, किती खरं बोलतात हे. आणि त्यांच्याविरुद्धच बोलायचं होतं.

मग मी. नाव सांगितलं, पत्ता सांगितला. मग त्या शनिवारचं सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही, चूक कुणाची असंही म्हटलं नाही. म्हटलं, तेवीस जणांनी कळवलं, तेवीसही जण चांगले शेजारी आहेत. डेलकाका तळ्यावर गेले, त्यांचा सुट्टीचा दिवस होता, जायलाच हवं. मग पाणी कुणाचं होतं? तीन मिनिटांची घंटा झाली. खाली बसले. थोड्या टाळ्या. फार नाहीत. वाटलं, संपलं.

आणि तेवढ्यात मागून मार्गीकाकू उठल्या. हातात ती वही.

"नाव मार्गी थोर्सगार्ड. पत्ता तुम्हा सगळ्यांना पाठ आहे."

हशा. त्या थांबल्या. हसू विरेपर्यंत थांबल्या.

"बावीस वर्षं या गावाचा फोन मी उचलते. कुठे कुत्रं सुटलं, कुठे गटार तुंबलं, कुणाचं झाड कुणाच्या छपरावर वाकलं. मी लिहून घेते. यातलं आधी काय सांगायचं ते मी ठरवते. मग जेवताना यांना सांगते. प्रशासक ठेवायचा की नाही, असं काय विचारताय? बिनपगारी आहेच की. आणि ती आता दमली आहे."

डेलकाका वळून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तळ्यावर होतात."

असा हशा उसळला की घंटा वाजवणारा घंटा विसरला! डेलकाकाही हसले, पण मान खाली घालून. काकू वही छातीशी धरून जागेवर जाऊन बसल्या. बाहेर पडताना मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, तुझ्यासाठी नाही हो बोलले. मी म्हटलं, माहीत आहे.

माहीत आहेच. म्हणून तर जास्त आनंद झालाय.

२२ फेब्रुवारी

डेलकाकांच्या घरी काल संध्याकाळपासून फोन कुणी उचलत नाही म्हणे. सगळे इथे कार्यालयात करताहेत. दिवसभर लोरेन आणि मी फोनच उचलतोय. लोरेन म्हणाली, "अभिनंदन. आता तूच घे." पण हसत होती.

१२ मार्च, रविवार

चारशे घरं पूर्ण! आज शेवटची गल्ली. आमचीच. आमच्या अंगणात दोन पाट्या – एक माझी 'हो'ची, एक बाबांची 'नाही'ची. दोन्हींमध्ये आईने घराचा नंबर लिहिलेली पाटी ठोकून दिली. येणारेजाणारे गाड्या थांबवून फोटो काढतात.

बाबा अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पण काल बर्फ काढून परतले आणि माझ्या गाडीची काचही खरवडून ठेवली.

४ एप्रिल, मंगळवार

जिंकलो!!

आठला मतदान संपलं, नऊच्या आत आकडे. लोरेनने चष्मा पुसला आणि वाचलं – हो, एक हजार त्रेसष्ट. नाही, नऊशे एक्याऐंशी. तिने ते पुन्हा वाचले, अगदी त्याच आवाजात. मी कार्यालयात होते म्हणून ओरडले नाही. जिन्यावर जाऊन ओरडले!

ब्याऐंशी मतं. या गावात ब्याऐंशी म्हणजे एका गल्लीत बसणारी माणसं. ती माणसं मी भेटलेली आहेत. त्यांच्या ओट्यावर उभी राहिलेय, त्यांच्या कुत्र्यांची नावं मला ठाऊक आहेत. कॉलेजात 'लोकशाही' हा शब्द शंभर वेळा लिहिला असेन. आज पहिल्यांदा त्याला चेहरे आले.

घरी आले तर बाबा जागे. म्हणाले, "मी विरोधात मत दिलंय. उद्या कुणाकडून कळायला नको." मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, "आणि आता ठरलंय, तर ते नीट व्हायला हवं. भलत्याच कुणाला आणू नका." मग त्यांनी खुर्ची सरकवली, म्हणजे बस. आईने केक बाहेर काढला. कुणीही जिंकलं तरी चालेल असा केक केला होता तिने, वर काहीच लिहिलं नव्हतं.

५ एप्रिल

डेलकाका सकाळी डोनटचा खोका घेऊन कार्यालयात आले. नगराध्यक्ष ते राहतीलच, सभा चालवतील, फिती कापतील. रोजचं काम तेवढं सुटलं. मला म्हणाले, पोरी, हरलो असं सारखं वाटतंय, आणि काल नऊ तास झोपलो.

२७ जून

सत्तावन्न अर्ज! आपल्या लार्च लेकसाठी! एक तर अलास्काहून.

१४ ऑगस्ट, सोमवार

कॉरिन व्हिटलॉक आल्या. आयोवातून, वय एक्केचाळीस, हसणं कमी, ऐकणं जास्त. पहिल्याच सकाळी विचारलं, पाण्याचे व्हॉल्व्ह कुठे कुठे आहेत? लोरेनने बाबांकडे बोट दाखवलं.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

चार दिवस बाबा आणि कॉरिनबाई गाव पायी फिरताहेत. बाबा बोट दाखवतात, बाई कागदावर खूण करतात. एकशे बारा व्हॉल्व्ह! त्यातले तीन बाबांनाही आठवत नव्हते. एक तर एका बाईच्या गुलाबाच्या वाफ्याखाली निघाला.

आज नकाशा भिंतीवर लागला. खाली कोपऱ्यात बाबांचं नाव, बारीक अक्षरात. बाईंनी न विचारता घातलं. बाबा दोनदा येऊन बघून गेले. घरी म्हणाले, "काम कळतं तिला." एवढंच. बाबांकडून हे म्हणजे भाषणच.

मी आज फार आनंदात आहे. असं लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. हेच हवं होतं. ओळखीवर नाही, लहरीवर नाही – कारण विचारावं, आणि त्याला उत्तर मिळावं.

८ सप्टेंबर

शाळेजवळचा रस्ता ओलांडायचा पट्टा अखेर रंगवला. सहा वर्षं लोक मागत होते. बाईंना नऊ दिवस लागले.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

कॉरिनबाईंनी दुपारी दार लावून घेतलं आणि सरळ सांगितलं. कार्यालयातल्या दोन कारकुनांच्या जागांची जानेवारीपासून एक होणार. लोरेन राहणार, मी जाणार. कारणं कागदावर होती. दोनदा वाचली. खोटं त्यात काहीच नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

संध्याकाळी डेलकाका घरी आले, टोपी हातात. म्हणाले, "पोरी, सहा नगरसेवकांतले चौघं अजून माझं ऐकतात. एक शब्द टाकू?" आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबा माझ्याकडे बघत होते.

मी नको म्हटलं.