छबूचं दुखणं मी सांगितलं

बीड

तीर्थरूप मायच्या पायावर धर्मराजचं डोकं.

आमी सुखरूप हावोत. छबू दोन्ही वेळा भाकरी खाते. तुझा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का?

माय, हे पत्र तुला गुरुजी वाचून दाखवतील, तरी लिहितो. दवाखान्यात डाक्टरानं विचारलं, कुठं दुखतं? छबूला ऐकू येत न्हाई, म्हणून मी हातानं विचारलं. तिनं डाव्या छातीवर हात ठेवला. भोवती चार बाप्ये उभे होते. भावानं बहिणीचं असलं कसं सांगावं? मी म्हणालो, पोट दुखतं. तिला वाटलं, मी तिचंच सांगतोय. तिनं मान हलवली.

आठ दिवस ती पोटाचं औषध प्याली. काल दाईला तिचं अंग पुसताना त्याच जागी गाठ लागली. डाक्टर मला म्हणाले, आधी का सांगितलं न्हाई? माझी मान खाली गेली. छबू बघत होती. तिला सगळं कळलं.

तवापासून मी बोलायला हात उचलला की ती डोळे मिटून घेते.

गाडी जुंपून लगोलग ये, माय. डाक्टर पुन्हा विचारतील, तवा तिचं सांगायला मी नको.

तुझा
धर्मराज