झेंडूभोवतीचं वर्तुळ

३ जून
आजपासून शिस्त. रोज आठला लॅबमध्ये. पीएचडीचं सहावं वर्ष. गाईड मॅडम म्हणाल्या, जुलैअखेर समितीला निकाल दाखवला नाहीत तर रजिस्ट्रेशन रद्द. दाखवतो की! झेंडूच्या पाल्याचा रस जखमेवर लावतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. जंतूंना तेवढं कळवायचं राहिलंय.

४ जून
साडेअकराला उठलो. थकलेला मेंदू घेऊन लॅबमध्ये जाणं हा विज्ञानाचा अपमान आहे.

९ जून
पाला वाळवला, बायकोच्या मिक्सरमध्ये वाटला, स्पिरिटमध्ये भिजत घातला. संध्याकाळी सूप कडू. मिक्सर धुतला होतास का, असं तिने दोनदा विचारलं. विज्ञानासाठी लोकांनी प्राण दिलेत आणि हिला सुपाचं पडलंय.

१४ जून, सकाळ
जिंकलो! बशीतल्या जेलीवर जंतू पसरवले होते, अर्कात बुडवलेली कागदाची चकती मधोमध ठेवली होती. आज बशीभर जंतूंची साय, पण चकतीभोवती स्वच्छ गोल. बाटलीच्या झाकणाएवढा! तिथे एक जंतू फिरकला नाही. बायकोला फोन केला. म्हणाली, छान, येताना दूध आण. आणलं नाही. आजच्या दिवशी तरी नाही.

१५ जून
मॅडमना फोटो दाखवला. अभिनंदन नाही, काही नाही. कंट्रोल कुठाय म्हणे. म्हणजे झेंडू नसलेली, नुसत्या स्पिरिटची चकती. मी म्हटलं, ज्यात काहीच नाही ते कशाला तपासायचं? तेच तपासायचं असतं, म्हणाल्या. अर्काची चकती पूर्ण वाळवून मग ठेवलीत ना? हो म्हटलं. फुंकर मारली होती. सरळसरळ पोटदुखी आहे ही.

२२ जून
कंट्रोल लावणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. स्वतःला काही सापडलं नाही की लोक दुसऱ्याच्या बशीत डोकावतात.

६ जुलै
पुन्हा केलं. पुन्हा वर्तुळ. मलमाचं नाव सुचत नाहीये, बाकी सगळं तयार. मॅडमनी घरी फोन केला होता वाटतं, कारण बायकोही कंट्रोल म्हणाली. घरात आणखी एक गाईड! सहा वर्षं माझ्या एकटीच्या पगारावर घर चाललंय, म्हणाली, एक चकती जास्त लावायला तुझं काय जातंय? माझा मान जातो. हे तिला सांगितलं नाही.

२९ जुलै
कंट्रोलची चकती लावली. मॅडमचं तोंड बंद व्हावं म्हणून. शेजारच्या बशीत त्यांनी माझ्याच अर्काची चकती स्वतः वाळवून ठेवली. ठेवा, हौस फिटू दे. जेवण गेलं नाही, पण ते उकाड्यामुळे.

३० जुलै, सकाळ
नुसत्या स्पिरिटभोवती वर्तुळ आहे. माझ्या झेंडूपेक्षा मोठं. जंतूच बिघडलेले असणार.

३० जुलै, दुपार
मॅडमची वाळलेली चकती पाहिली. वर्तुळ नाही. जंतू थेट चकतीला भिडलेत आणि काठाला जरा जास्तच दाट आहेत, पाहुणचार झाल्यासारखे. मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं.

३१ जुलै
ठरवलं होतं, समितीला फक्त झेंडूची बशी दाखवायची. पहिलाच प्रश्न आला, कंट्रोल? मॅडम माझ्याकडे बघत होत्या. सांगितलं खरं ते. मग सहा वर्षांत काय सिद्ध केलंत, असं बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं. म्हणालो, स्पिरिटने जंतू मरतात. ते म्हणाले, इंजेक्शनआधी नर्स तेच तर पुसते. कुणी हसलं नाही. रजिस्ट्रेशन रद्द.
न्यायला आलेल्या बायकोला बसमध्ये ठणकावून सांगितलं, समितीला दृष्टी नाही, आता पुदिना घेऊन नव्याने अर्ज करतो, बघच तू. ती म्हणाली, कर. पण उद्या कोपऱ्यावरच्या क्लासवाल्यांना भेटून ये, त्यांना नववी-दहावीच्या सायन्सला मास्तर हवाय. आता मी वाद घालीन, या तयारीने ती माझ्याकडे वळली.
किती वाजता जाऊ, एवढंच विचारलं.