मी, बेल्जियमवाल्या मेल्कार्नेंपैकी

७ सप्टेंबर, रविवार. तूरिन.
गावाहून परतून आठवडा झाला. पोट अजून ताळ्यावर नाही. यंदाही ऑगस्टभर एकेका नातेवाइकाकडे जेवलो. आमच्या सालेंतोत, इटलीच्या पार दक्षिण टोकाला, एकाकडे जेवलं आणि दुसऱ्याकडे नाही, तर दुसरा मरेपर्यंत बोलत नाही, आणि तो मेल्यावर त्याची बायको बोलत नाही. त्यात ती चुंबनं. दोन्ही गालांवर, ओल्या मिशांसकट. आत्यांच्यासुद्धा.
शी.
निश्चय: पुन्हा ऑगस्टात जाणार नाही.

१२ सप्टेंबर.
दाताच्या डॉक्टरकडे तासभर बसवून ठेवलं. शेजारचा माणूस दाढ चोखत होता. तोंड फिरवायचं म्हणून मासिक उचललं, तर त्यात आमचाच प्रांत! हल्ली जर्मन, डच वगैरे लोक तिथे ऑक्टोबरात महिनाभर राहायला येतात म्हणे. याला 'स्लो' राहणं म्हणतात. उशिरा उठायचं, चालायचं, एक पुस्तक वाचायचं, समुद्राकडे बघायचं. फोटोत एक माणूस दगडी बाकावर एकटा बसलाय. मी तिथे जन्मलो, पण बाकावर एकटा बसलेला माणूस कधी पाहिला नाही. शेजारी कुणीतरी असतंच, आणि ते काहीतरी विचारतच असतं.
जर्मनाला जमतं, मग मला, ओरोंत्सोला, का जमू नये? रिटायर आहे, लग्नाच्या भानगडीत पडलेलो नाही. एक अख्खा महिना जाणार. कुण्णाला न सांगता.

१४ सप्टेंबर, रविवार.
नकाशा घेऊन बसलो. आमचं गाव बाद. टेकडीपलीकडचं सांतेफ्रेमो पक्कं केलं. बसने अर्धा तास, पण आमच्या लोकांना अर्धा तास म्हणजे परदेश. नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं. असेल. सगळ्या गावांना कुठल्या ना कुठल्या संताचं नाव असतं, वैताग आहे.
संध्याकाळी इमाकोलाताचा फोन. माझी थोरली बहीण. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. दर रविवारी न चुकता फोन करते. माझ्या फोनवर दुसरं कुणी येत नाही, विमावाले सोडले तर. म्हणाली, ऑक्टोबरात ये ना रे, ऑलिव्ह उतरवायचेत, तुझे मेहुणे, दोनातो, गेल्यापासून घर खायला उठतं. म्हटलं, डॉक्टरने प्रवासाला सक्त मनाई केलीय. गुडघा. तिने विचारलं, कुठला? मी म्हटलं, डावा. म्हणाली, संत ओरोंत्सोपुढे मेणबत्ती लावते.
इथे लिहून ठेवतो: डावा.
यात फसवणूक नाही. महिनाभर मी शांत राहिलो तर पुढच्या ऑगस्टात तिच्याशी गोड वागेन. म्हणजे हे तिच्यासाठीच आहे.

३० सप्टेंबर.
तयारी पूर्ण. पुस्तक घेतलं, जाडजूड. नियम ठरवले. सकाळी दहाच्या आत उठायचं नाही. कुणाकडे जेवायचं नाही. कुणाला गाल द्यायचा नाही. ओळख वाढवायची नाही.
ट्राममध्ये तिकीट तपासण्यात उभी हयात गेली. लोक कसे खोटं बोलतात ते एवढ्या जवळून पाहिलंय की माझं स्वतःचं कुणाला पकडता येणार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. सांतेफ्रेमो.
रात्रभर गाडीत. समोरच्याने बूट काढले, मग मोजे. ब्रिंदिसीपर्यंत श्वास रोखून धरला.
खोली ठीक. भिंतीला ओल आहे, चादरींना नाफ्थलीनचा वास. घरमालकीण पाल्मीरा. विधवा, हनुवटीवर केस. दार उघडताच, किल्ली द्यायच्या आधी, पहिला प्रश्न: तुम्ही कुणापैकी?
मी हा प्रश्नच विसरलो होतो! इथे माणसाचं नाव कुणी विचारत नाही, कुणाचा ते विचारतात. जर्मनांना विचारत नसतील, जर्मन कुणाचाच नसतो. म्हटलं, मी तूरिनचा. हसली. म्हणाली, तूरिनचं कुणी नसतं, शिवाय तुमच्या बोलण्यात टेकडीपलीकडचे हेल आहेत. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत इमाकोलाताला कळलं असतं. समोरच्या भिंतीवर कुणाच्या तरी मयताचं पोस्टर चिकटवलेलं होतं. त्यावरचं आडनाव वाचून दाखवलं. म्हटलं, मेल्कार्नेंपैकी.
म्हणाली, कुठले मेल्कार्ने? मडकीवाले, आंधळ्याचे, का बेल्जियमला गेलेले?
म्हटलं, बेल्जियमवाले. लांबचे, कुणी तपासायला जाणार नाही.
कसं सुचलं! स्वतःवर खूश आहे.

६ ऑक्टोबर. सकाळी सात.
दारावर थापा. उघडलं तर सात-आठ माणसं. सगळ्यात पुढे चेझारियो मेल्कार्ने, सत्तरीचा, शर्टाची बटणं पोटावर ताणलेली, डोळ्यांतून धारा. म्हणाला, पोम्पीलियोकाकांचा मुलगा ना तू? काका बेल्जियमच्या खाणीत गेले ते गेलेच, एक ओळ नाही, आजोबा वाट बघत मेले! आणि दोन्ही गाल. मग त्याच्या बायकोने दोन्ही गाल. मग बाकीच्यांनी. पोरं धरून. एकाला सर्दी होती.
मी रुमालाने गाल पुसले. त्यांना वाटलं, रडतोय.
दुपारी त्यांच्याकडे जेवलो. हा अपवाद.

९ ऑक्टोबर.
पावट्याचं घट्ट वरण आणि कडू पालेभाजी. रात्री घोड्याच्या मटणाचा रस्सा. नको म्हटलं तर चेझारियो म्हणाला, बेल्जियममध्ये उपाशी मारलं वाटतं माझ्या भावाला. तेवढ्यावर अर्ध्या गल्लीतून ताटं आली.
पुस्तकाचं पहिलं पान वाचलं. दोनदा.

१२ ऑक्टोबर, रविवार.
शिरोक्को सुटलाय, आफ्रिकेकडून येणारा दमट वारा. सगळं चिकट. मीठ दगड झालं, टॉवेल वाळत नाही. अंगाला हात लावावासा वाटत नाही, स्वतःच्याच.
दुपारी गाव झोपतं तेव्हा शांतता मिळेल म्हणून बाहेर बाकावर जाऊन बसलो. एकटा! जेमतेम दहा मिनिटं. मग भोंगा लावलेली गाडी आली, बायांनो सुऱ्या आणा, कात्र्या आणा, धार लावून देतो. मागोमाग चेझारियो. म्हणाला, असा एकटा बसतोस, बरं वाटत नाही का?
इमाकोलाताचा फोन. गुडघा कसाय? म्हटलं, उजवा जरा बरा आहे. म्हणाली, डावा होता ना. म्हटलं, डाव्याचा भार आता उजव्यावर आलाय, डॉक्टर म्हणतात असं होतं. पटलं असावं. मागून घंटा ऐकू येतायत म्हणाली. म्हटलं, तूरिनमध्येही देवळं आहेत.

१६ ऑक्टोबर.
ऑलिव्ह उतरवायला नेलं. मी! इमाकोलाताने वर्षानुवर्षं बोलावलं, एकदाही गेलो नाही, आणि इथे परक्यांच्या शेतात पहाटेपासून ओणवा. अर्धी झाडं रोगाने वाळून करडी झालीत, उरलेल्यांना जेमतेम फळ. जाळीवर गुडघे टेकून पाला निवडायचा. चेझारियो दर झाडापाशी सांगत होता, हे तुझ्या बापाने लावलं. मी दर झाडापाशी मान हलवत होतो.
गुडघा खरंच सुजलाय. डावाच. म्हणजे मी इमाकोलाताशी खोटं बोललो नव्हतो, फक्त थोडं आधी बोललो होतो.

१९ ऑक्टोबर, रविवार.
तूरिनहून शेजारणीचा फोन. माझ्या नावाने खोकं आलंय, वास सुटलाय, काय करू? इमाकोलाताने पाठवलंय. नवं तेल, कडक पावाच्या चकत्यांची थैली, बिहीची फळं आटवून केलेली वडी. ती वडी पृथ्वीवर तिच्याइतकी चांगली कुणाला जमत नाही. मी तिच्या चुलीपासून अर्ध्या तासावर घोड्याचा रस्सा गिळतोय, आणि माझ्या हक्काची वडी सगळा देश ओलांडून उलट दिशेला गेली.
शेजारणीला म्हटलं, तुम्हीच खा. लगेच हो म्हणाली. लाज नाही लोकांना.
इमाकोलाताला म्हटलं, वडी खाल्ली, फार छान. म्हणाली, यंदा साखर विसरले होते रे. म्हटलं, हो, जाणवलं.

२४ ऑक्टोबर.
बेल्जियमबद्दल विचारतात. मी कधी गेलेलो नाही. धुकं आणि बटाटे यांवर वेळ मारून नेतो. आज चेझारियोच्या बायकोने विचारलं, काका शेवटी आमची आठवण काढत होते का? म्हटलं, रोज.
घरभर रडारड. चेझारियोने आत जाऊन आजोबांचं मनगटी घड्याळ आणलं आणि माझ्या हाताला बांधलं. बंद पडलेलं, पट्ट्याला कुणाच्या तरी घामाचा जुना वास.
काढून ठेवता येईना. त्या वेळी मला स्वतःची किळस आली. पण ती शिरोक्कोनेही असेल.

२६ ऑक्टोबर, रविवार.
ठरवलं: पाच नोव्हेंबरला परत. जाण्याआधी चेझारियोला खरं सांगायचं. पत्राने. तूरिनहून. सावकाश.
इमाकोलाता फोनवर थकलेली वाटली. पायऱ्या चढवत नाहीत म्हणाली. ऑलिव्ह झाडावरच राहिलेत, उतरवायला माणूस मिळत नाही. तू असतास तर, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, गुडघा. म्हणाली, हो रे, गुडघा.
आज मनापासून वाटलं, जावं. पण गेलो तर कुठून आलो ते सांगावं लागणार. पुढच्या वर्षी जाईन. तिच्याकडेच महिनाभर राहीन. हे पक्कं.

१ नोव्हेंबर.
उद्या मृतांचा दिवस. मेल्कार्नेंनी हुकूम सोडलाय, पोम्पीलियोच्या बाजूने आजोबांना फुलं मी वाहायची. पाल्मीराने माझा काळा कोट उन्हात टाकला. एवढं एक पार पाडलं की सुटलो. बाकी गाव परकं, दफनभूमी परकी, माझं ओळखीचं तिथे जिवंत ना मेलेलं कुणी नाही.

२ नोव्हेंबर, रविवार. दुपारी.
सगळं क्रमाने लिहितो.
दफनभूमीत अख्खं गाव. बाया बादल्या-ब्रश घेऊन दगड घासतायत, साबणाचं पाणी वाटेवरून वाहतंय, शेवंतीचा तो मेलेला वास. आजोबांपुढे मला उभं केलं. मी फुलं ठेवली. चेझारियो म्हणाला, फोटोचा मुका घे. काचेवर आधीच्या सगळ्यांचे ओठ उमटले होते. घेतला.
मान वर केली, तर पलीकडच्या ओळीत गुडघ्यांवर बसून कुणीतरी दगड घासत होतं. इमाकोलाता.
दोनातो. माझे मेहुणे. ते सांतेफ्रेमोचे! त्यांना इथेच, त्यांच्या लोकांत पुरलं! म्हणून नाव ऐकल्यासारखं वाटत होतं. पण मला कसं आठवणार? लग्नात पहिल्याच ताटाला माझं पोट बिघडलं होतं, आणि मयताला पाठ धरली म्हणून आलो नव्हतो.
मी पाठ फिरवली. तेवढ्यात पाल्मीराने हाक मारली. अगं इमाकोलाता, इकडे ये, बघ कोण आलंय! आपल्या पोम्पीलियोचा मुलगा, बेल्जियमहून!
ती उठली. एका हाताने कंबर धरून, सावकाश. बादली खाली ठेवली. हात ॲप्रनला पुसले. माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, पण चेझारियोचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो पुन्हा रडत होता.
ती म्हणाली, बरं केलंत तुम्ही, आलात. माणसाने आपल्या माणसांत यावं.
मग बादली उचलून परत गेली.
तुम्ही. मला.

त्याच दिवशी, पाच वाजता.
शांतपणे विचार केला. तिने ओळखलं नाही. तिला मोतीबिंदू आहे, गेल्या ऑगस्टात म्हणाली होती. शिवाय ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. शिवाय माणूस जिथे अपेक्षित नसतो तिथे दिसतच नाही, हे मी ट्राममध्ये शेकडो वेळा पाहिलंय. ओळखलं असतं तर तिथेच दोन लगावल्या असत्या, लहानपणी लगावायची तशा. लगावल्या नाहीत. म्हणजे ओळखलं नाही.
महिना पार पडला. एकाही नातेवाइकाला पत्ता लागला नाही. योजना यशस्वी.
जेवण जात नाहीये. पाल्मीराने रस्सा झाकून ठेवलाय.

सात वाजता.
तिचा फोन आला. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या आवाजात. तिकडे थंडी पडली का? म्हटलं, धुकं आहे. समोरचं दिसत नाही. म्हणाली, हो, इथेही कुणाला काही दिसत नाही.
गुडघ्याचं विचारलं नाही.
मग म्हणाली, तो काळा कोट घालत असशील तर मागची शिवण बघ, उसवलीय. टाके घालून घे. आणि आता दर रविवारी करत नाही मी फोन. तुझी माणसं आहेत ना तिथे.
मी इमाकोलाता म्हटलं. तोवर फोन ठेवला होता.
कोट काढून बघितला. खरंच उसवलीय, पार खालपर्यंत.
परत फोन लावला. उचलत नाही.
पुन्हा लावला. वाजतोय.