सोडचिठ्ठी

प्रिय वायरमन,

रोज फोनवर तासन्‌तास बडबडणारी बाई एकदम कागदावर कशी उतरली, म्हणून हसशील. तुझा आवाज ऐकला की मला ठरवलेलं बोलताच येत नाही रे.

तुझ्या सुधारक ज्यू प्रार्थनालयातल्या धर्मगुरू, रब्बीबाईंकडे गेलो होतो, ती दुपार सारखी आठवते. आपल्या लग्नाचा करार, केतुबा, त्यांनी वाचून दाखवला. माझ्या पहिल्या लग्नात नवऱ्याने बायकोला काय द्यायचं एवढंच त्यात होतं. सह्या दोन परक्या पुरुषांच्या, आणि मी जाळीआड गप्प उभी. इथे वचनं दोघांनी द्यायची, साक्षीला दुकानातली माझी मैत्रीणही चालणार. ती तर पडदे शिवायचे सोडून सही गिरवत बसलीय! कोर्टाचा घटस्फोट आम्हाला पुरेसा आहे, असं बाई म्हणाल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

बाबांच्या जुन्या वळणाच्या प्रार्थनालयात मात्र त्या घटस्फोटाला कुणी विचारत नाही. नवऱ्याने राजीखुशीने सोडचिठ्ठी लिहवून घेऊन माझ्या हातात ठेवायची, तोवर मी त्याचीच बायको. आणि त्याने मला वर्षानुवर्षं नुसतं झुलवलं. बाबा म्हणाले, लग्नाला येईन, पण मांडवाबाहेर उभा राहीन. मी त्यांच्यावर चिडले आणि मग मोरीत जाऊन रडले. मला रब्बीबाईंचंच पटतं, अगदी मनापासून पटतं. पण तुला मूल हवंय, मलाही हवंय. बाबांच्या लोकांच्या लेखी ते मूल डागाळलेलं. त्यांच्यातल्या कुणाशी त्याचं लग्न लागणार नाही, त्याच्या मुलांचंही नाही. उद्या आपली लेक प्रेमात पडेल, तेव्हा तो मुलगा कुठल्या प्रार्थनालयात जातो हे आधी विचारणार आहे का?

म्हणून तुझ्या नकळत मी बाबांच्या रब्बींना नवऱ्याकडे पाठवलं. त्यांनी हातापाया पडून त्याला राजी केलं. सोडचिठ्ठी लिहिणारा ठरला. लग्नाच्या आदल्या दिवशी तुला सांगायचं, असं ठरवून मी ती बातमी पोटात दाबून ठेवली होती. तो लिहिणारा शाई घेऊन दारात पोचला, तर नवरा जमिनीवर कोसळलेला. मेंदूत रक्तस्राव. आता तो कुणालाच ओळखत नाही. ज्याला भान नाही, त्याने दिलेली सोडचिठ्ठी चालत नाही. आता तो मेला तरच मी सुटणार.

दुकानात जास्तीचं काम आहे, असं तुला सांगत होते ना, ते खोटं. मी इस्पितळात असते. त्याचं दुसरं कुणी नाही. चमच्याने पेज भरवते, तोंड पुसते आणि त्याच्याच उशाशी बसून त्याच्या मरणासाठी प्रार्थना करते. इतकी वाईट मी कधी झाले, माझं मलाच कळलं नाही.

काल नर्स हसत आली. भान येणार नाही, पण हृदय ठणठणीत आहे, अजून कितीतरी वर्षं काढतील, म्हणाली. मला रडू आवरेना. तिने मला जवळ घेतलं. नशीब काढलंय हो तुमच्या यजमानांनी, म्हणाली, एवढा जीव लावणारी बायको मिळाली. मांडवाचं सामान आजउद्यात परत करून टाक. रविवारी लग्नाला मी येणार नाही, आणि त्यानंतरही माझी वाट बघू नकोस.

तुझीच,
पडदेवाली