सगळ्यात शांत वर्ग

प्रिय आई,
लांबूनच पाया पडते. खोली हवेशीर आहे, जेवणाचे हाल नाहीत. तुझा गुडघा काय म्हणतो?

मुख्याध्यापक म्हणतात, माझा वर्ग सगळ्यात शांत. मी तोऱ्यात होते. पण काल मधल्या सुट्टीत मुली शाळा-शाळा खेळत होत्या. माझ्या तासाला तोंड न उघडणारी एक मुलगी बाई होऊन अपूर्णांकांची बेरीज छान समजावत होती. "चुकलं तर चुकू दे गं, परत बघू," म्हणाली.

मी विचारलं, "असं शिकवायला कुणाकडून शिकलीस?"

तिने खडू पाठीमागे लपवला. "आधीच्या बाईंकडून."

रागाला आवर घाल, असं निघताना तू बजावलं होतंस. लाज वाटते गं. आज वर्गात मी हसून प्रश्न विचारला, तर सगळ्यांनी माना खाली घातल्या.

तुझी तापट लेक